अंग तिचं, आवाज त्याचा: नागपूरच्या एका कॉमिक्स-जोडीचं प्रकरण

त्या रविवारी ते दोघं वेगवेगळ्या गाड्यांवर आले. दीड वर्ष मी त्यांना एकाच ॲक्टिव्हावरून उतरताना बघत होतो. ती पुढे, तो मागे, त्याच्या पाठीवर तिच्या कागदांची लांब नळी. नागपूरच्या नंदनवन भागात घराच्या मागच्या खोलीत मी गाणी रेकॉर्ड करतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला. भांडणं मिटवणं माझं काम नाही. पण त्यांची तिन्ही गाणी याच खोलीत झाली होती आणि कोणती ओळ कोणत्या दिवशी आली ते माझ्या संगणकावर तारखेनिशी पडून होतं. म्हणून ते माझ्याकडे आले.

हे प्रकरण दोघांना विचारून लिहितो आहे. नावं नकोत, असं दोघांनीही सांगितलं. गाणं आणि चित्र, किंवा चाल आणि शब्द, असं मिळून काम करणाऱ्या पोरापोरींच्या जोड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांच्यात ‘श्रेय कोणाचं’ ही गाठ मी पुन्हा पुन्हा बघतो. बहुतेक जण गाठ तशीच ठेवून वेगळे होतात. हे दोघं ती सोडवायला बसले.

दोघं, आणि तिसरी

ती चितार ओळीतली. घर मूर्तिकारांचं. लहानपणापासून हात शाडूत, आणि गणपतीच्या डोळ्यांची आखणी दहावीत असल्यापासून तिच्याकडे. आजोबांनी जपून ठेवलेले इंद्रजालचे वेताळाचे अंक आणि बर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेले नागराज-ध्रुवचे अंक, एवढ्यावर तिने कॉमिक्सची भाषा उचलली. चौकटी कशा पाडायच्या, पान उलटताना वाचकाला धक्का कुठे द्यायचा, हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

तो इंदोऱ्याचा. मामा भीमगीतांच्या पार्टीत गायचे. पोरगं मात्र वऱ्हाडीत रॅप करतं, ओळी मोबाईलवर लिहितं आणि लिहितानाच पायाने ठेका धरतं. त्याच्या आवाजाला धार आहे. माईकसमोर उभा राहिला की मला फारसं काही करावं लागत नाही.

तिसरी म्हणजे मारबत. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून सांगतात. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, काहीही. ‘घेऊन जा गे मारबत’ असा गजर करत गाव आपली इडापिडा तिच्या अंगावर टाकतं आणि शेवटी तिला जाळतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी.

या दोघांनी तिचीच सुपरहिरो केली. अर्धा चेहरा काळा, अर्धा पिवळा. ती कोणाला मारत नाही. लोकांचं दुखणं ती आपल्या अंगात घेते, वर्षभर वागवते, जळते आणि बांबू-कागदातून पुन्हा उभी राहते. चोवीस पानांचं कॉमिक्स, आणि मागच्या पानावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तीन गाणी. मी खूप ऐकतो आणि खूप वाचतो. आपल्या गावातून इतकी अस्सल नायिका निघालेली मी पाहिली नव्हती.

काय झालं

पहिली सहा पानं तिने शब्दाशिवाय काढली. मिरवणूक बघून घरी आली, रात्री बसली आणि पहाटे फोटो त्याला पाठवले. त्याने त्या चित्रांवर पहिलं कडवं लिहिलं. पुढे क्रम उलटला. तो कडवी पाठवायचा आणि ती पानं काढायची.

पुढच्या वर्षी मारबतीच्या आठवड्यात पहिलं गाणं लोकांसमोर आलं आणि चाललं. कॉमिक्सच्या पाचशे प्रती छापल्या होत्या, त्याही संपल्या. गणेशोत्सवात मंडळं बोलावू लागली. बोलावणं अर्थात त्याला, कारण मंचावर गाणं होतं, चित्र होत नाही. एका मंडळाच्या निवेदकाने त्याची ओळख ‘आपल्या मारबतीचा निर्माता’ अशी करून दिली. ती प्रेक्षकांत बसली होती. एका बातमीत नाव त्याचं आणि शेवटी एक ओळ, ‘चित्रे त्याच्या मैत्रिणीची आहेत.’ असं लिहा म्हणून त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पण खोडूनही काढलं नव्हतं.

त्यातच बाहेरच्या एका कंपनीचा माणूस आला. टी-शर्ट, पुढचे भाग, छोट्या चित्रफिती, सगळ्याच्या हक्कांचे मिळून एकरकमी चाळीस हजार. भेटायला त्याने फक्त गायकाला बोलावलं.

माझ्या खोलीत ती म्हणाली, “काका, याने तोंड उघडायच्या आधी ती जळून उठली होती. माझ्या पानावर.”

तो म्हणाला, “मी बोललो म्हून ते लोकायले दिसली. नाईतर त्या पाचशे कॉप्या हिच्या पलंगाखालीच राह्यल्या असत्या.”

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं.

आधी कोण

पहिला वाद ‘आधी कोण’ यावर होता आणि तो मला ओळखीचा होता. गाण्याच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. हिंदी सिनेमात बहुतेक वेळा चाल आधी होते. संगीतकार पेटीवर डमी शब्दांत ती गाऊन दाखवतो आणि गीतकार त्या मीटरमध्ये शब्द बसवतो. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण याच्या उलट. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत, एकूण ५६. आधी शब्द, मग चाल. दोन्ही रस्त्यांनी मोठं काम झालं आहे.

अमेरिकी कॉमिक्समध्ये साठच्या दशकात मार्व्हल या कंपनीने जी रीत बसवली, ती मला या चालीवर शब्द लिहिण्याची सख्खी बहीण वाटते. लेखक स्टॅन ली गोष्टीचं सूत्र तोंडी किंवा थोडक्यात लिहून द्यायचे. चित्रकार जॅक कर्बी पूर्ण पानं रचायचे. कोणती चौकट मोठी, कोण कुठून येणार, थांबायचं कुठे, हे सगळं त्यांचं. मग तयार चित्रांवर ली संवादाचे फुगे भरायचे. १९६१ मध्ये फँटास्टिक फोर हे कॉमिक्स सुरू झालं आणि या जोडीने त्याचे सलग शंभरावर अंक काढले. चित्र आधी, शब्द नंतर. तरी वर्षानुवर्षं निर्माता म्हणून लोकांना चेहरा माहीत होता तो लींचा. सभांमध्ये, मुलाखतींत, वाचकांच्या पत्रांच्या पानावर बोलत होते ते ली.

म्हणजे श्रेय क्रमाने जात नाही. ते आवाजाच्या मागे जातं. जो बोलतो, ज्याचं बोलणं लोकांच्या कानावर पडतं, त्याच्या नावावर वस्तू चढते. गाण्यातही तेच. सुरेश भट आपल्या नागपुरात राहिले, रेशीमबागेतलं भव्य सभागृह त्यांच्या नावाचं आहे. पण त्यांच्या शब्दांना हृदयनाथांची चाल आणि मंगेशकरांचा गळा लाभला, आणि आजही चहाच्या टपरीवर ‘हे गाणं कोणाचं’ असं विचारलं तर आधी गळ्याचं नाव येतं. ऐकणाऱ्याचा यात दोष नाही. कान जे ऐकतो तेच सांगणार. मिळून काम करणाऱ्यांनी मात्र हे आधीपासून धरून चालायला हवं.

मी त्या दोघांना रुपेरी सर्फरची गोष्ट सांगितली, कारण त्यांच्या प्रकरणाशी इतकी जुळणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. १९६६ चा फँटास्टिक फोरचा ४८ वा अंक. ग्रह गिळणाऱ्या एका महाकाय शत्रूची गोष्ट ठरली होती. कर्बींची पानं आली तेव्हा त्यांत फळीवर उभा राहून आकाशातून येणारा एक चंदेरी माणूस होता. तो लींनी मागितलेला नव्हता. एवढ्या मोठ्या शत्रूला पुढे धावणारा दूत हवा, असं कर्बींना वाटलं आणि त्यांनी तो काढला. लींना तो इतका आवडला की त्यांनी त्याच्या तोंडी एका दुःखी तत्त्वज्ञाची भाषा घातली. अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा. आणि १९६८ मध्ये त्या सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा लेखक ली होते आणि चित्रकार जॉन बुसेमा. १९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून डीसी या दुसऱ्या कंपनीकडे गेले.

ती बराच वेळ गप्प होती. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “उद्या तू दुसऱ्याकडून काढून घेशील तिला?” त्याने उत्तर दिलं नाही. या प्रकरणातला खरा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा खोलीत आला. चाळीस हजारांपेक्षा तो कितीतरी मोठा होता.

बाकीची उदाहरणं मी भरभर सांगितली. स्पायडरमॅनचे चित्रकार स्टीव्ह डिटको कथानकही स्वतः रचू लागले, त्याचं श्रेय त्यांना छापून मिळू लागलं, पण लींशी बोलणं थांबलं आणि १९६६ मध्ये ते निघून गेले. बॅटमॅन १९३९ चा. त्याचं रूप आणि जग घडवण्यात बिल फिंगर यांचा मोठा वाटा, पण निर्माता म्हणून नाव एकट्या बॉब केन यांचं. फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ मध्ये. आणि सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मित्रांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला हक्क लिहून दिले. इथे तर भांडण त्यांच्या आपसात नव्हतंच, दोघंही एकत्रच बुडाले. हे ऐकल्यावर चाळीस हजारांचा कागद त्याने स्वतःच टेबलावरून उचलून बॅगेत टाकला.

मग तो म्हणाला, सरळ अर्धं-अर्धं करून टाकू. बीटल्स या बँडच्या लेनन-मॅकार्टनीसारखं. त्या दोघांनी पोरवयातच ठरवलं होतं की गाणं कोणीही लिहो, नावं दोघांची लागतील. १९६५ मधल्या त्यांच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये चौघांपैकी एकटे मॅकार्टनी आहेत, तरी खाली नावं दोघांची. यश यायच्या आधी केलेला हा करार मला फार शहाणपणाचा वाटतो. तरीही २००२ मध्ये मॅकार्टनींनी एका मैफलीच्या अल्बमवर आपलं नाव आधी छापलं आणि त्यावरून वाद झाला. चाळीस वर्षांनीही नावांचा क्रम टोचतोच.

पण माझ्या मते या जोडीला तो करार जसाच्या तसा बसत नाही. लेनन आणि मॅकार्टनी एकाच प्रकारचं काम करत होते. दोघंही शब्द लिहायचे, दोघंही चाल बांधायचे आणि दोघंही गायचे. इथे एकीच्या हातात ब्रश आहे आणि दुसऱ्याच्या हातात माईक, आणि माईक लोकांसमोर जातो. कागदावर अर्धं-अर्धं केलं तरी मंचावर ते अर्धं राहणार नव्हतं.

वही

पुढचे तीन रविवार आम्ही चोवीस पानं एकेक करून तपासली. सकाळी तर्री-पोहे आणि दुपारपर्यंत वही. माझ्या जुन्या हिशेबाच्या वहीत रकाने पाडले: पान, आधी काय आलं, मग काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून. पुरावा म्हणून दोघांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि माझ्याकडच्या रेकॉर्डिंगच्या तारखा. सुरुवातीला दोघंही वकिलासारखे बसले होते. तिसऱ्या पानापर्यंत ते विरलं. आपणच केलेलं काम पुन्हा बघताना माणूस हरखून जातो.

सहा पानं चित्रातून निघाली होती, अकरा शब्दांतून. उरलेल्या सात पानांचं काहीच सांगता येईना, कारण तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते आणि निरोप पाठवायची गरजच पडली नव्हती. माझ्या मते उत्तम पानं त्या सातांतच आहेत.

अकराव्या पानाने तिला चकित केलं. नायिकेच्या हातात जुनी वही आहे आणि तीत मोहल्ल्यातल्या प्रत्येकाची तक्रार लिहिलेली आहे, ही कल्पना आपलीच, अशी तिची पक्की समजूत होती. निरोप काढले तर ती त्याच्या एका यमकातून आली होती. ‘नही’ला यमक हवं म्हणून त्याने ‘वही’ लिहिलं आणि तिने ती वही काढली. आज ती वही म्हणजे नायिकेची ओळख झाली आहे. यमकाने काढलेली वाट आणि हाताने दिलेला आकार कसा वेगळा करणार?

सतराव्या पानाने त्याला चकित केलं. त्या पानावर एकही शब्द नाही. जळून झाल्यावरची राख, एक अर्धवट बांबू आणि रस्ता झाडणारी बाई, एवढंच. वाचक सगळ्यात जास्त याच पानाबद्दल बोलतात. तो म्हणाला, हे पूर्ण हिचं. मी माझ्याकडची फाईल उघडली. त्या पानासाठी त्याने आठ ओळी लिहिल्या होत्या, रेकॉर्डही केल्या होत्या आणि चांगल्या होत्या. तिने पान पाठवल्यावर त्याने रात्री दीड वाजता मला निरोप पाठवला होता, “काका, त्या आठ लाईनी काढून टाका. नुसती बीट राहू द्या.” हे तिला माहीतच नव्हतं. आपल्या चांगल्या ओळी दुसऱ्याच्या चित्रासाठी कापणं हे मी जोडीतलं सगळ्यात मोठं काम मानतो, आणि ते कोणत्याही श्रेयनामावलीत दिसत नाही. वहीत त्या पानापुढे आम्ही दोघांची नावं लिहिली.

आणि तीन गोष्टी दोघांपैकी कोणाच्याच निघाल्या नाहीत. जळणं, पुन्हा उभं राहणं आणि लोकांचं दुखणं अंगावर घेणं. त्या मिरवणुकीच्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर त्यांनी मारबत आणि बडगे बांधणाऱ्या हातांना नमस्काराची एक ओळ घातली. ही सूचना तिच्या वडिलांची.

सहीची गोष्ट राहिली. भीमगीतांत कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत ‘वामन’ येतो तसा. मामांकडून हे त्याच्या रक्तातच आलेलं, त्यामुळे त्याच्या तिसऱ्या गाण्याच्या शेवटी त्याचं नाव होतं. तिची सही मागच्या पानाच्या कोपऱ्यात होती. छापताना क्यूआर कोड नेमका तिच्यावर बसला. म्हणजे लोक तिच्या सहीवर मोबाईल धरून त्याचं नाव ऐकत होते. हे लक्षात आलं तेव्हा तो खरंच हादरला. त्याने शेवटचं कडवं पुन्हा लिहिलं, दोघांची नावं घेऊन. तिचं नाव चार अक्षरी आहे, ठेक्यात बसेना, चार तास गेले. शेवटी बीट अर्धी मात्रा मागे घेतली तेव्हा बसलं.

कागद

मी वकील नाही, पण १९५७ चा कॉपीराइट कायदा गाण्यांच्या निमित्ताने वाचावा लागला आहे. त्यात संयुक्त कृती कशाला म्हणायचं हे स्पष्ट आहे: जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा दिसत नाही, ती. शब्द आणि चित्र वेगळे दिसतात. म्हणून शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चित्रांचा काढणाऱ्याचा. पण नायिका? संरक्षण मिळणाऱ्या कृतींच्या कायद्यातल्या यादीत पात्र असा वेगळा प्रकार नाही. म्हणजे दोघांनी मिळून जी सगळ्यात मोठी गोष्ट केली, तिच्याबद्दल दोघांनी आपसात लिहून ठेवणंच शहाणपणाचं.

कंपनीच्या कागदावर ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असं होतं. मुदत लिहिली नसती तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. त्यांनी दोन्ही मुद्दाम लिहिलं होतं. दोघांनी मिळून नकार कळवला.

मग त्यांनी स्वतःचा एक पानी कागद केला आणि ओळखीच्या वकिलाकडून तपासून घेतला. नावं नेहमी दोघांची, क्रम प्रत्येक अंकाला उलटा. कॉमिक्सचे पैसे आणि नायिकेच्या चित्राच्या वस्तूंचे पैसे अर्धे-अर्धे. मंचावरच्या मानधनातला बहुतेक भाग त्याचा, कारण घसा आणि रात्री त्याच्या जातात. पण प्रत्येक कार्यक्रमात मागच्या पडद्यावर तिची पानं आणि सुरुवातीला तिचं नाव तो स्वतः घेणार, निवेदकावर सोडणार नाही. तिसऱ्या कोणाला काहीही द्यायचं तर दोघांच्या सह्या.

एक ओळ मात्र ठरली नाही: जोडी तुटली तर नायिका कोणाची? मी त्यांना शंकर-जयकिशनचं सांगितलं. १९७१ मध्ये जयकिशन गेले आणि त्यानंतरही शंकर त्याच जोडनावाने संगीत देत राहिले. त्याला ते पटलं. त्याचं म्हणणं, तीन वर्षं थांबावं आणि मग ज्याला पुढे न्यायची त्याने दोघांचं नाव ठेवून न्यावी. तिचं म्हणणं, दुसऱ्या कोणाच्या हाताने तिचा चेहरा काढलेला तिला चालणार नाही, आणि त्याच्याऐवजी दुसरा आवाज ती स्वतःही लावणार नाही. मग ती राखेतच राहील.

दुसऱ्या भागाची नऊ पानं झाली आहेत. परवा दोघं एकाच गाडीवर आले होते. कागद माझ्या कपाटात आहे, सगळा पेनाने लिहिलेला. फक्त ती ओळ अजून पेन्सिलीत आहे.